पालक मीटिंगला येत नाहीत, कारण त्यांच्या हातात काय देणार हे आपण सांगत नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा की तुमच्या अपंग मुलांच्या थेरपी सेंटरला साधारण ६० मुलं येतात, सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, काही बहुविकलांग, आणि पुढच्या वर्षीच्या सेवा पालकांना विचारून ठरवायच्या म्हणून तुम्ही नोटीस लावली, ग्रुपवर मेसेज टाकला, फॉर्म वाटले. मीटिंगला आले पाच जण, त्यातले दोघं चिडून निघून गेले, फॉर्म परत आले अकरा आणि बहुतेकांवर "सगळं छान आहे" एवढंच. आणि तुम्ही विचारताय की पालकांना रसच नाही का, की आमचंच काही चुकतंय.

मी या कामात बावीस वर्षं आहे, पहिली बारा ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून प्रत्यक्ष मुलांसोबत आणि नंतरची सेवा उभ्या करण्याच्या बाजूला. एवढ्या वर्षांत रस नसलेले पालक मला जवळजवळ दिसलेच नाहीत. दमलेले दिसले, घाबरलेले दिसले, आणि आधी तीनचार वेळा सांगून काहीच बदललं नाही म्हणून आता सांगायचं बंद केलेले तर खूपच दिसले. त्यामुळे "ते का येत नाहीत" हा प्रश्न मी जरा बाजूला ठेवेन. आलेच तर त्यांच्या येण्याने नेमकं काय बदलू शकणार होतं, हे विचारा. तुमच्या मेसेजमध्ये "आपली मते मांडण्यासाठी उपस्थित राहावे" असं होतं. मतं मांडायला बोलावलं की माणूस मनात हिशोब करतो, मुलाला सांभाळायची सोय, जाण्यायेण्याचा त्रास, बुडालेलं काम, आणि समोर मिळणार काय तर मत मांडायला. मीही गेले नसते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी मान्य करते. तुमच्या हातात निर्णय किती आहेत, पैसे वरून ठरून येतात का, आधी पालकांशी काही वाजलंय का, सेंटर नवीन आहे की जुनं, यावर उत्तर बरंच बदलतं. सेंटर छोटं असेल तर मीटिंग वगैरे काही न करता प्रत्येक घराशी बसून बोलणंच बरं पडतं. खाली जे लिहितेय ते साधारण तुमच्याएवढ्या सेंटरला धरून.

तर पहिलं काम, पालकांना बोलावण्याआधी तुम्ही तुमच्या टीमसोबत बसा आणि एका कागदावर लिहा की काय पक्कं ठरलेलं आहे जे बदलणार नाही, काय खरंच उघडं आहे, आणि कशाबद्दल तुमचं तुम्हालाच अजून माहीत नाही. आम्ही पहिल्यांदा हे केलं तेव्हा लाज वाटावी अशी गोष्ट झाली, उघडं म्हणावं असं काही निघेचना. इमारत ठरलेली, माणसं ठरलेली, टाइमटेबल ठरलेलं, आणि पालकांना मात्र आम्ही "तुमच्या सूचनांचं स्वागत आहे" सांगत होतो. मग टीममध्ये दोन दिवस वाद झाले आणि शेवटी तीन गोष्टी मोकळ्या केल्या, सेशनच्या वेळा, वेटिंग लिस्टमध्ये कोणाला आधी घ्यायचं याचा निकष, आणि आठवड्यातले सहा तास कशासाठी वापरायचे. तीनच होत्या पण खऱ्या होत्या. पुढच्या निरोपात आम्ही सरळ लिहिलं की या तीन गोष्टी तुमच्यासोबत ठरवणार आहोत, आणि अमुक गोष्टी बदलता येणार नाहीत, त्याचं कारण हे. माणसं आली. सगळी नाही, पण आली.

इथे एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. शेरी आर्नस्टीन नावाच्या अमेरिकन बाईंनी १९६९ साली लोकांच्या सहभागाची एक शिडी मांडली, आठ पायऱ्यांची. वरच्या पायऱ्यांवर भागीदारी आणि लोकांच्या हातात अधिकार, मधल्या तिन्हींवर माहिती देणं, मत विचारणं आणि समजूत काढणं, ज्याला त्या नावापुरता सहभाग म्हणतात. आणि तळाच्या दोन पायऱ्यांवर सहभाग नाहीच, त्यातल्या एकीचं नाव त्यांनी ठेवलंय थेरपी. म्हणजे लोकांची तक्रार ऐकायच्या ऐवजी लोकांनाच दुरुस्त करायला बसणं. मी थेरपिस्ट, त्यामुळे हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढे सरकता आलं नाही. कारण आमच्या कितीतरी पालक मीटिंग खरोखर तशाच होत्या, पालक सांगतोय की घरी व्यायाम होत नाही आणि आम्ही त्याला व्यायामाचं महत्त्व समजावतोय.

आता बोलावणं कसं करायचं. नोटीस आणि ग्रुपवरचा मेसेज हे कळवणं झालं, ते बोलावणं नव्हे. ज्या थेरपिस्टकडे किंवा ताईकडे ते मूल जातं तिने स्वतः फोन करायचा, आणि फोनवर "याल का" विचारण्याआधी "तुम्हाला यायचं झालं तर काय काय जुळवावं लागेल" हे विचारायचं. उत्तरं अगदी ठोस येतात. मुलाला फिट्स येतात, औषध कोण देणार. नळीने फीडिंग आहे, दुसऱ्या कोणाला जमत नाही. धाकटं भावंड बरोबर आणावं लागेल. बाबांची शिफ्ट आहे. या प्रत्येक गोष्टीची सोय करता येते किंवा निदान काहींची तरी येते, बाजूच्या खोलीत मुलांना ओळखणारी दोन माणसं ठेवता येतात, येण्याजाण्याचा खर्च देता येतो, मीटिंग तासाभरात संपवता येते, ज्यांना येणं शक्यच नाही त्यांना व्हॉइस नोट पाठवता येते किंवा रात्री मुलं झोपल्यावर वीस मिनिटं व्हिडिओ कॉल. आणि पैशाबद्दल स्पष्टच बोलते, त्या खोलीत बसलेला प्रत्येक कर्मचारी त्या तासाचा पगार घेत असतो, फक्त पालक फुकट बसलेले असतात. जमेल तेवढं मानधन द्या. फारच थोडं असलं तरी त्याने नातं बदलतं, हे मी स्वतः पाहिलंय.

पण सोयी सगळ्या केल्या तरी एक अडथळा राहतो आणि माझ्या मते तो सगळ्यात मोठा आहे. भीती. "सगळं छान आहे" लिहिलेले ते तुमचे फॉर्म, मला त्यात समाधान दिसत नाही, भीती दिसते. पालकांच्या बाजूने बघा ना, दीड वर्ष वेटिंग लिस्टवर थांबून एकदाचा स्लॉट मिळालाय, ज्या बाईंच्या हातात तो स्लॉट आहे त्याच बाई फॉर्म गोळा करतायत, फॉर्मवर नाव लिहायचंय, कोण लिहील खरं. एका आईने मला सेंटर सोडल्यानंतर चार वर्षांनी सांगितलं की तिला एका थेरपिस्टचं मुलाचा हात जोरात ओढणं पटत नव्हतं, मूल रडायचं, पण ती बोलली नाही कारण "तुम्ही त्याला काढलं असतं तर मी कुठे गेले असते". आम्ही काढलं नसतं. पण हे तिला कळणार कसं, आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी तीन गोष्टी सोडत नाही. स्लॉट ठरवणारी व्यक्ती मतं गोळा करत नाही, ते काम बाहेरच्या कोणाकडे किंवा ज्यांचं मूल आता सेंटरला येत नाही अशा जुन्या पालकाकडे. दुसरं, तक्रार केल्यामुळे कोणाचीही सेवा कमी होणार नाही हे लेखी, प्रमुखांच्या सहीने, प्रत्येकाला. आणि तिसरं, कोणी टीका केली की पुढच्या आठवड्यात त्या मुलाच्या सेशनला मी स्वतः जाऊन बघते की वागण्यात काही फरक पडलाय का. शेवटचं थोडं जास्त वाटेल, पण टीमलाही त्याने कळतं की हे मनापासून चाललंय.

कोण आलं याच्याइतकंच कोण आलं नाही हेही बघायला लागतं. मीटिंगला साधारण त्याच पाचसात आया येतात, बोलता येणाऱ्या, ज्यांचं मूल थोडं स्थिर झालंय. त्यांचं ऐकाच, पण त्या म्हणजे सगळे पालक नव्हेत. वेटिंग लिस्टवरची घरं, नुकतंच निदान झालेली, एकट्याने मूल सांभाळणारी, जिथे दिवसभर आजी सांभाळते ती, १६-१७ वर्षांची मुलं असलेली जी लवकरच मुलांच्या सेवेतून बाहेर पडणार आहेत, आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे सोडून गेलेली घरं. सोडून गेलेल्यांना फोन करायची आपल्याला लाज वाटते म्हणून कोणी करत नाही. आम्ही एकदा नऊ घरांना केला. आमच्या फाइलमध्ये एका मुलासमोर "नियमित येत नाही, पालकांचा सहयोग कमी" असं लिहिलेलं होतं. आईने सांगितलं की मुलगा बारा वर्षांचा झाला, अंग जड झालं, डायपर बदलायला टेबल फक्त लहान मुलांचं आहे, मोठ्या मुलाला टॉयलेटच्या जमिनीवर झोपवावं लागायचं. ती म्हणाली, मला त्याला तिथे झोपवायचं नव्हतं. एवढंच कारण. त्या टॉयलेटसमोरून आम्ही रोज जात होतो.

प्रश्न कसा विचारता यावरही खूप काही ठरतं. "तुम्हाला कोणत्या सेवा हव्यात" विचारलं की पालक त्यांना माहीत असलेल्या सेवांमधूनच निवडतात, म्हणजे अजून थोडी फिजिओ, अजून थोडी स्पीच. जे कधी पाहिलंच नाही ते मागणार कसं. मी त्याऐवजी विचारते, गेल्या मंगळवारी सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय झालं ते सांगा. आणि मग गप्प बसते, हे कठीण असतं. अशाच एका बोलण्यात सहापैकी चार घरांनी रात्रीबद्दल सांगितलं, मूल तीनतीनदा उठतं, एक जण जागा राहतो, सकाळी सेशनला यायचं तर डोळे उघडत नाहीत. फॉर्मवर यातलं एक अक्षर नव्हतं, कारण फॉर्मवर झोपेचा रकानाच नव्हता. त्यातून पुढे दोन गोष्टी निघाल्या, झोपेसाठी डॉक्टर आणि ओटीचं एकत्र मार्गदर्शन, आणि महिन्यातून एक दिवस मूल दिवसभर सेंटरला ठेवून घरच्यांना विसावा. दुसऱ्या गोष्टीला आमच्याच टीमने नावं ठेवली होती, की पालकांना मूल टाळायचंय. असं जे म्हणतात त्यांनी सलग चार रात्री जागून बघाव्यात, मला यावर वाद घालायची इच्छा राहिलेली नाही.

आता ते दोघं जे चिडून गेले. तुम्ही त्यांचा उल्लेख जरा अडचण म्हणून केलाय, मला ते तुमचे सगळ्यात उपयोगी दोन पालक वाटतात, कारण त्यांना अजून काहीतरी बदलेल अशी आशा आहे, नाहीतर चिडायला तरी कशाला आले असते. मीटिंगमध्ये कोणी भडकलं की आपण लगेच खुलासा द्यायला लागतो, माणसं कमी आहेत, नियम असा आहे. नका देऊ. एकाने फक्त लिहून घ्यायचं, शेवटी वाचून दाखवायचं की मी हे लिहिलंय, बरोबर आहे का, आणि कधीपर्यंत उत्तर देणार ती तारीख सांगायची. दहापंधरा मिनिटं जातात, पण त्यानंतर तोच माणूस कामाचं बोलायला लागतो. अगदी वैयक्तिक अन्याय असेल तर तो मीटिंगमध्ये सोडवायचा नाही, वेगळं भेटायचं, नाहीतर बाकीच्यांना वाटतं हा एकाचाच तास आहे.

पालकांची आपसातही मतं जुळणार नाहीत, याची तयारी ठेवा. ऑटिझम असलेल्या मुलांच्या घरांना वेटिंग हॉल शांत हवा असतो, आवाज नको, झगमगता लाइट नको, आणि दुसऱ्या काही मुलांना तिथेच गाणी आणि धमाल हवी असते. कोणाला थेरपीचे तास वाढवून हवेत, कोणाला घरी येणारं माणूस. अशा वेळी मतदान घेऊ नका, मतदानात बहुविकलांग मुलांची घरं नेहमी हरतात कारण ती संख्येने कमी असतात. आम्ही आठवड्याचे ४० तास म्हणजे ४० चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या, वर सेवांची नावं, आणि पालकांना सांगितलं तुम्ही वाटा. एका गटाने सगळ्या चिठ्ठ्या थेरपीवर ठेवल्या, मग एका आजीने त्यातल्या दोन उचलून नवीन निदान झालेल्यांसाठी ठेवल्या, म्हणाली पहिले सहा महिने मला काय करावं हेच कळत नव्हतं. कोणी विरोध केला नाही. पैशाची आणि वेळेची ओढाताण पालकांपासून लपवायची नसते, ती त्यांना आपल्यापेक्षा चांगली कळते, घरात रोज तेच करत असतात.

आणि मुलं. हा भाग तुमच्या प्रश्नात अजिबात नाही म्हणून मुद्दाम लिहिते. आपण पालकांना विचारलं की मुलाला विचारलं असं धरतो. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ चा आहे, त्याचं कलम १२ सांगतं की आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडायचा मुलाला हक्क आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २००६ चा करार त्याच्या पुढे जातो, कलम ७ मध्ये म्हटलंय की ते मत मांडता यावं म्हणून मुलाला त्याच्या अपंगत्वाला आणि वयाला साजेशी मदत मिळाली पाहिजे, आणि कलम ४ च्या तिसऱ्या भागात तर धोरणं ठरवताना अपंग मुलांसह अपंग व्यक्तींना त्यांच्या संघटनांमार्फत सामील करून घ्यायचं बंधनच आहे. म्हणजे मूल बोलत नाही ही सबब नाही, मदत कोणती द्यायची हे शोधणं आपलं काम. चित्रांची कार्डं घेऊन "आवडतं, चालेल, नको" अशा तीन ठिकाणी ठेवायला लावायची, डोळ्यांनी हो-नाही, कम्युनिकेशन बोर्ड म्हणजे चित्रं किंवा शब्द दाखवून बोलायचा फलक, आणि जिथे यातलं काहीच जमत नाही तिथे त्या मुलाला नीट ओळखणाऱ्या दोघातिघांनी मिळून नोंद ठेवायची की कुठल्या खोलीत ते सैल होतं आणि कुठे आखडतं. आमच्याकडे तेरा वर्षांची एक मुलगी बोर्ड वापरायची. तिच्या आईचं म्हणणं की फिजिओ वाढवा. मुलीने बोर्डवर दाखवलं, चित्रकला, नाही, मंगळवार. बराच वेळ लागला समजायला, तिला फिजिओसाठी दर मंगळवारी चित्रकलेच्या तासातून उचलून आणत होते. आईलाही माहीत नव्हतं. फिजिओ तेवढीच ठेवली, फक्त वार बदलला.

याच कारणासाठी अपंगत्व घेऊन मोठे झालेले दोन-तीन जण तरी तुमच्या गटात हवेत. पालकांच्या चिंता आणि त्या व्यक्तींचा अनुभव एकसारखे नसतात, कधी कधी टोचतात एकमेकांना, पण लहानपणी कुठली थेरपी नकोशी वाटली हे त्यांच्याइतकं कोणी सांगू शकत नाही.

शेवटचा टप्पा जो बहुतेक ठिकाणी राहूनच जातो, परत जाऊन सांगणं. पंधरा दिवसांच्या आत, एका पानावर, साध्या भाषेत आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आवाजात, तुम्ही हे म्हणालात, आम्ही हे केलं, हे पुढच्या तीन महिन्यांत करू, आणि हे करता येणार नाही कारण अमुक. नकार सांगायला घाबरू नका, कारणासकट आलेला नकार लोक पचवतात, शांतता पचवत नाहीत. इंग्लंडमध्ये २०१४ च्या चिल्ड्रन अँड फॅमिलीज कायद्याने स्थानिक प्रशासनाला हेच करायला लावलंय, आपल्या भागात अपंग मुलांसाठी कोणत्या सेवा आहेत त्याची माहिती जाहीर करायची आणि त्यावर मुलांच्या आणि पालकांच्या आलेल्या टिप्पण्या, अधिक त्यावर आपलं उत्तर, तेही जाहीर करायचं. मला त्यातला उत्तर जाहीर करण्याचा भाग फार मोलाचा वाटतो. मी एकदा हे चुकवलंय. चांगली मीटिंग झाली, २३ घरं आली, आणि मग मंजुरी अडकली म्हणून मी पाच महिने काहीच कळवलं नाही, वाटलं पक्कं झाल्यावर सांगू. पुढच्या मीटिंगला चौघं आले. "मंजुरी अडकली आहे" एवढा एक मेसेज पाठवायला हवा होता.

फॉर्मच हवा असेल तर स्वतः बनवण्यापेक्षा कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या कॅनचाइल्ड केंद्राने तयार केलेली एमपीओसी (MPOC) नावाची, पालकांना सेवेचा अनुभव कसा आला हे विचारणारी प्रश्नावली बघा, मूळ ५६ प्रश्नांची आणि नंतर २० प्रश्नांची. त्यात "तुम्ही समाधानी आहात का" असं गुळगुळीत विचारत नाहीत, तर अमुक गोष्ट गेल्या वर्षभरात तुमच्याबाबत किती प्रमाणात घडली असं विचारतात, उदाहरणार्थ माहिती नीट समजावून दिली का, घाई न वाटता बोलायला तुम्हाला पुरेसा वेळ दिला का. नाव न लिहिता भरून घ्या.

आणि पुढे गट बनलाच तर कोणालाही एक वर्षापेक्षा जास्त बांधून ठेवू नका, मध्येच मूल आजारी पडलं तर गैरहजेरीचं कारण विचारू नका, आणि मीटिंगचं अध्यक्षपद एक तुमच्याकडचं आणि एक पालक असं दोघांत ठेवा, विषयपत्रिका दोघांनी मिळून ठरवायची.

तुम्ही मात्र आत्ता एवढं सगळं सुरू करू नका. या आठवड्यात त्या चिडून गेलेल्या दोघांना फोन करा, तुम्ही स्वतः, आणि म्हणा की त्या दिवशी तुमचं पूर्ण ऐकून घेतलं नाही, आता ऐकायचंय, कधी वेळ आहे. त्यांचं बोलणं झालं की तो कागद घेऊन टीमसोबत बसा आणि बघा त्यातली कुठली एक गोष्ट महिन्याभरात बदलता येते. ती बदलून झाल्यावर पुढचा निरोप काढा, आणि त्यात पहिल्या ओळीत लिहा की काय बदललं आणि कोणाच्या सांगण्यावरून, त्यांची नावं घालायला परवानगी दिली तर नावासकट. काय होतं ते इथे नक्की कळवा, मी वाट बघते.